शिवगंगेच्या भांड्यांवरचा ग

लोहारा,
१५ ऑक्टोबर २०२४

ती. शांतलिंग मामांना शिवांजलीचे शरणार्थ.

मामा, फोन करून उपयोग नाही म्हणून पत्र लिहिते आहे. मागच्या वेळी मी इकडून घसा फोडून ओरडत होते, तुम्ही तिकडून "व्हय, व्हय" म्हणत होता, आणि नंतर मामींनी सांगितलं की कानातलं यंत्र तुमच्या खिशात होतं.

आपलं भांड्यांवर नावं घालायचं मशीन बंद पडलंय. ठोके मारणारा भाग धड आहे, त्याला चालवणारा कॉम्प्युटर गेला. दसरा झाला, दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बटण दाबलं तर पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. बीपसुद्धा येत नाही. लातूरच्या ज्या कारखानदाराकडून तुम्ही हे सगळं आणून दिलंत त्यानं कारखाना केव्हाच बंद केला. कुलदीपचं तहसीलबाहेर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान असलं तरी फॉर्मच्या पलीकडे आमच्या नवरोबांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, म्हणून त्यानं उमरग्याहून एकाला बोलावलं. त्या माणसानं डबा उघडला, आत वाकून बघितलं आणि "वहिनी, बोर्ड गेला. एवढा जुना आता मिळत न्हाय, नवा कॉम्प्युटर घ्या" असं सांगून चहा पिऊन गेला. नव्या कॉम्प्युटरला मशीन जोडणारं जुनं कार्ड बसतच नाही, हे त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही.

एरवी मी इतकी घायकुतीला आले नसते. पण आमच्या शिवगंगेचं लग्न ८ डिसेंबरला ठरलंय. माझ्या या एकुलत्या नणंदेची आंदणाची भांडी घरात येऊन पडलीत, पातेल्यापासून वाट्यांपर्यंत, सगळी बिननावाची. लेकीच्या भांड्यांवर नाव घालायचं तर आमच्या अण्णांकडून, असं या भागात लोक मानतात. छिन्नी-हातोडीनं टिंब टिंब ठोकून काढलेलं माझ्या सासऱ्यांचं अक्षर लांबून ओळखू येतं. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा ते अक्षर मशीनमध्ये होतं म्हणून राहिलं. एवढ्या लेकींची भांडी झाली आणि स्वतःच्या लेकीची पाळी आली तेव्हा हे झालं. अण्णा रोज मशीनसमोर खुर्ची टाकून बसतात आणि माझ्याकडे बघतात. ते बघणं मला सोसत नाही.

मी हे भंगारात घालणार नाही. तुम्ही या.

तुमची
शिवांजली


तेर,
२० ऑक्टोबर

चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

मी येणार नाही. आलो तर मीच करून टाकीन, तू चहा करत बसशील आणि पुढच्या वेळी परत मलाच बोलावशील. शाळेच्या सुट्ट्यांत माझ्या दुकानात बसून लोकांच्या रेडिओंचं किती वाटोळं केलंस ते मी विसरलेलो नाही. एवढे रेडिओ खर्ची पडलेत, त्याचं काहीतरी चीज झालं पाहिजे.

पत्रानंच करू. फोनवर माणूस अंदाजानं ठोकून देतो. लिहायला बसलं की उठून जाऊन बघावं लागतं.

आधी एक गोष्ट समजून घे. अण्णांची अक्षरं हार्डडिस्कमध्ये नाहीत. ठोक्यांच्या हादऱ्यानं हार्डडिस्क टिकेना, म्हणून त्या कारखानदारानं युक्ती केली. बोर्डावर एक चौकोनी चिप आहे, चारी बाजूंनी पाय असलेली, खोबणीत बसवलेली. बटण दाबल्यावर कॉम्प्युटरनं पहिल्यापासून काय काय करायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. त्याला फर्मवेअर म्हणतात. चिपमध्ये जागा बरीच उरली होती, तिथं त्यानं मशीनचा प्रोग्राम आणि अण्णांची अक्षरं भरली. अण्णा पत्र्यावर अक्षर ठोकून द्यायचे, मी एकेका टिंबाचं माप घ्यायचो आणि तो भरायचा. तेव्हा बोर्ड टाकलास तर मशीनही गेलं आणि अक्षरही.

आता काम. मल्टिमीटरनं सप्लायचे बारा आणि पाच व्होल्ट येतात का बघ. बोर्डावर बटणासारखा गोल सेल आहे, तो बदल. प्रोसेसरजवळचे उभे कपॅसिटर बघ, डोकं फुगलेलं असेल तर तेही बदल. मग डोळे उघडे ठेवून सगळा बोर्ड बघ आणि जे दिसेल ते लिही. तुला काय वाटतं ते लिहू नकोस.

तुझ्या सासूबाई रुद्रम्माबाई माझी पत्रं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात असं कळलं. त्यांना नमस्कार. वाचताना माझ्या शिव्या गाळाव्यात.

शांतलिंग


लोहारा,
२६ ऑक्टोबर

ती. मामांना शरणार्थ.

अव्वा शिव्या गाळत नाहीत. उलट त्या आल्या की चष्मा सारखा करून परत वाचतात. सासूबाईंना तुमच्या पत्राइतकी करमणूक टीव्हीवर मिळत नाही, आणि तुम्ही येत नाही याचा राग फक्त मलाच आहे.

व्होल्टेज ठीक आहे. सेल बदलला. दोन कपॅसिटर फुगले होते, ते काढून नवे लावले. डाग देताना पहिला जरा करपला, दुसरा तुम्ही शाबासकी द्याल असा झालाय. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा.

मग सगळा बोर्ड भिंगातून बघितला. ती चौकोनी चिप सापडली. तिच्या खोबणीत एका बाजूला तपकिरी, चिकट असं काहीतरी वाळलंय. त्या बाजूचे पाय हिरवे पडलेत. आजूबाजूला दोन-चार मेलेल्या मुंग्याही आहेत. पालीनं घाण केली असावी. दुकानात पाली फार झाल्यात.

पुढं काय करू ते लगेच कळवा. दिवाळी तोंडावर आली. अण्णांनी आज पहिल्यांदा विचारलं, "हुईल का गं?" आजारपणापासून त्यांची जीभ जड झालीय, दोन शब्द बोलायलाही जोर लावावा लागतो. मी "होईल" म्हटलं. आता शब्द देऊन बसले आहे.

तुमची
शिवांजली


तेर,
३१ ऑक्टोबर

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

पालीवर ढकलू नकोस. पालीच्या घाणीला मुंग्या कशाला येतील? मुंग्या आल्या म्हणजे गोड होतं. चिकट, तपकिरी आणि गोड, आणि पाय हिरवे पडले म्हणजे खारटही असणार. चहा असेल नाहीतर सरबत. तुझ्या दुकानात येणारं कोणीतरी कपबशी कॉम्प्युटरवर ठेवतं. ज्या गाढवानं हे सांडलं त्याला माझ्यासमोर उभं कर, मी बघतो. अशा माणसाला यंत्राच्या जवळ फिरकू देता कामा नये.

चिप काढ. सुईचं टोक वाकवून कोपऱ्यात घाल आणि दोन्ही कोपऱ्यांनी आळीपाळीनं उचल. एका बाजूनं उपटलीस तर पाय मोडतील. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आयपीए, म्हणजे बोर्ड धुवायचं अल्कोहोल, आण. हातावर चोळायचं सॅनिटायझर वापरू नकोस, त्यात पाणी असतं. दात घासायच्या ब्रशनं खोबण धू, वाळव, परत धू. पाय हिरवे असतील तर आतून एखादी तांब्याची वाट तुटलेली असेल. मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक पायाची वाट पुढं कुठं जाते ते शोध. तुटली असेल तिथं बारीक तार टाकून जोड.

काम किचकट आहे. हात कापायला लागले की उठून अंगणात जा आणि परत ये.

शांतलिंग


लोहारा,
८ नोव्हेंबर

ती. मामांना शरणार्थ.

हे पत्र मी शिवगंगेजवळ देऊन पोस्टात टाकतेय आणि घरात कोणाला दाखवलेलं नाही. याचं उत्तर वेगळ्या कागदावर लिहा.

तुमचं पत्र भाऊबीजेच्या दिवशी हातात आलं. सगळे घरात होते. मी पुरणाला चटका देत होते, तोवर अव्वांनी पाकीट फोडून वाचायला सुरुवात केली. मुंग्या आल्या म्हणजे गोड होतं इथपर्यंत सगळे हसत होते. "ज्या गाढवानं हे सांडलं" आलं तेव्हा अण्णा भिंतीला धरून उठले आणि आतल्या खोलीत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, तेव्हापासून जेमतेमच जेवतात.

मामा, तो चहा नव्हता. नारळाचं पाणी होतं. खंडेनवमीला यंत्राची पूजा अण्णाच करतात. हळदी-कुंकू, विभूतीची बोटं, नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी फुलानं शिंपडायचं. उजवा हात होता तोवर चार थेंब पडायचे. आता ते डाव्या हातात वाटी धरतात. यंदा वाटी कलंडली आणि सगळं पाणी कॉम्प्युटरच्या वरच्या जाळीतून आत गेलं. मी बघितलं होतं. वरून पुसून घेतलं आणि बोलले नाही, कारण वर्षात तेवढं एक काम त्यांच्याकडे उरलंय. तुम्हालाही लिहिलं नाही, कारण तुमची पत्रं मोठ्यानं वाचली जातात. आणि शेवटी ज्याची भीती होती तेच झालं. तुमचा राग आला होता, आता माझाच येतो.

त्या रागातच काम केलं. चिप निघाली, पाय सगळे शाबूत आहेत. खोबण धुतली. एक वाट खरंच तुटली होती, खोबणीच्या अगदी कडेला. इअरफोनच्या वायरीतली केसासारखी तार काढून ती जोडली. मध्ये उठून अंगणात जाऊन आले, परत बसले. चिप दाबून बसवली आणि बटण दाबलं.

बीप आली, मामा. एकच, लहानशी. तुम्हाला ऐकू येणार नाही म्हणून सांगते, दूधवाला सायकलवरून जाताना एकदाच घंटी मारतो ना, तेवढीच. अव्वा स्वयंपाकघरातून धावत आल्या.

पण पडद्यावर इंग्रजीत आलंय की चिपमधली बेरीज जुळत नाही. खाली विचारतोय, सगळं कारखान्यातून आलं तसं पूर्ववत करू का, हो की नाही. मी कशालाही हात न लावता बंद केलं. हो म्हणू का?

तुमची
शिवांजली


लोहारा,
२१ नोव्हेंबर

ती. मामांना शरणार्थ.

पत्राचं उत्तर नाही. मामींना फोन केला तर "ते घरात न्हाईत, नंतर कर" एवढंच म्हणाल्या. मी खरं लपवलं म्हणून रागावला असाल तर तसं लिहा, चार शिव्या घाला, पण गप्प बसू नका.

तुळशीची लग्नं झाली. लोक भांडी घेऊन येतात आणि मी त्यांना परत पाठवते. कुलदीप म्हणतो, उमरग्याला लेझरवाला आहे, आठवड्यात सगळी भांडी करून देईल, छापील अक्षर असतं पण स्वच्छ असतं. तो वाईट हेतूनं म्हणत नाही. शिवगंगाही म्हणाली, "वहिनी, राहू द्या, नाव कुठल्या का अक्षरात असंना." ती हे म्हणाली तेव्हा अण्णा तिथंच बसले होते. त्यांनी मान हलवून होकार दिला, आणि त्या होकारानं माझं डोकं फिरलं.

मी सांगून टाकलं, एक भांडं उमरग्याला जाणार नाही. घरात दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही.

काल त्या "हो"वर बोट ठेवलं होतं, मामा. मग तुमचं दुकान आठवलं. एकदा मी न विचारता ट्रान्झिस्टरचा स्क्रू फिरवला होता आणि तुम्ही दिवसभर तो पूर्वीच्या जागी आणत बसला होता. बोट काढून घेतलं. पण किती दिवस काढून घेणार?

शिवांजली


तेर,
२२ नोव्हेंबर

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

पार्सलमध्ये चिप वाचायचं यंत्र आहे आणि एक कोरी चिप आहे. पोस्टानं मागवली, म्हणून वेळ लागला.

पडद्यावरच्या त्या प्रश्नाला हो म्हणू नकोस. हो म्हणशील तर तो कारखान्यातला मजकूर परत भरेल आणि अण्णांची अक्षरं पुसली जातील. बोर्डाच्या कारखान्याला अण्णा माहीत नाहीत.

चिप काढून या यंत्रात बसव आणि यंत्र कुलदीपच्या लॅपटॉपला जोड. फक्त वाचायचं, लिहायचं नाही. परत एकदा वाच. दोन्ही वेळचं तंतोतंत सारखं आलं तरच खरं मान. मग आकडे बघत जा. सुरुवातीला बोर्डवाल्याचं आहे, त्यात तुझं काही नाही. पुढं सगळी FF, FF अशी रिकामी जागा येईल. ती ओलांडली की मशीनचा प्रोग्राम, आणि त्याच्यामागून अक्षरं. प्रत्येक टिंबाला दोन आकडे आहेत, एक आडवा, एक उभा. आलेखाच्या कागदावर मांडून बघ म्हणजे अक्षर उठेल. दुरुस्त करून लिहायचं ते कोऱ्या चिपमध्ये. जुनीला धक्का लावायचा नाही.

उत्तर नाही म्हणून तुला वाटलं असेल, पण मी रागावलेलो नाही. लेकी, तू लपवलंस ते ठीकच केलंस. मी उगीच तोंड सोडलं.

सोबत अण्णांच्या नावे दुसरा कागद आहे. तो रुद्रम्माबाईंनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावा.

शांतलिंग

(दुसरा कागद)

हिंमतराव पाहुण्यांना शांतलिंगचा शरणार्थ.

लातूरला कॉम्प्युटर घेताना दोन डबे समोर होते. एक उभा, वरून बंद. एक आडवा, वरून जाळीचा. आडवा स्वस्त होता म्हणून मी तो उचलला. तुमच्याकडे यंत्राची पूजा होते, पूजेला नारळ असतो आणि नारळाला पाणी असतं, हे मला माहीत होतं. तेव्हा मागच्या पत्रातलं गाढव कोण ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. पुढच्या खंडेनवमीला डब्यावर ताट ठेवा आणि पूजा तुम्हीच करा. मी बघायला येईन.


लोहारा,
३० नोव्हेंबर

ती. मामांना शरणार्थ.

पार्सल पोचलं. मामींनी फोनवर सगळं सांगितलं. पोस्टानं मागवली म्हणे. सोलापूरच्या जुन्या बाजारात तुम्ही स्वतः दोनदा गेलात, आणि येताना कंडक्टरची हाक ऐकू न आल्यानं भलत्याच एसटीत बसून बार्शीला उतरलात. या वयात असलं करायचं असेल तर निदान कानातलं यंत्र लावून करा. मामा, मी तुम्हाला काय काय बोलले मनातल्या मनात. ते लिहीत नाही.

दुसरा कागद अव्वांनी वाचला. अण्णांनी तो परत वाचायला लावला. मग म्हणाले, "लई खोटं बोलतंय." आणि हसले. त्या दिवसापासून जेवण पूर्ववत झालंय.

आता चिपचं. दोनदा वाचली, दोन्ही वेळा सारखंच आलं. FF चं ते माळरान ओलांडून पुढं गेले. पहिलं अक्षर आलेखावर मांडायला बसले तेव्हा शिवगंगा एकेक आकडा वाचत होती आणि मी टिंब देत होते. बराच वेळ नुसता पसारा दिसत होता. मग काना आला, वरची रेघ आली, आणि शिवगंगा म्हणाली, "वहिनी, अ हाय ह्यो. अण्णांचा अ." ती रडायला लागली आणि आकडे वाचायचे राहिले.

पण मामा, सगळी अक्षरं नाहीत. क आहे आणि मग एकदम FF. पुढं च पासून परत नीट. मधला ख, ग, घ चा तुकडा कोरा झालाय. मशीन बंद होताना ठोके मारणारी सुई कुठं होती ते चिपमध्ये लिहून ठेवतं, त्यासाठी एक तुकडा आधी पुसावा लागतो. ओल आत गेल्यामुळं भलताच तुकडा पुसला गेला, असं मला वाटतं. बेरीज जुळत नव्हती ती म्हणूनच.

ख आणि घ नसले तरी काम निभेल. पण शिवगंगेच्या नावात ग दोनदा येतो. लग्नाला आठवडा उरलाय. पत्र एसटीच्या ड्रायव्हरजवळ देते, तुम्हीही तसंच पाठवा.

शिवांजली


तेर,
१ डिसेंबर

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

डोकं चालवलंस तर उत्तर शेजारच्या घरात आहे. अण्णांनी हातानं नावं घातलेली भांडी लोहाऱ्यात घरोघर आहेत. ग असलेलं एक शोध, कागद ठेवून वर शिसपेन्सिल घास म्हणजे टिंबं उठतील, त्यांची मापं घे आणि भर. पूर्वी आम्ही हेच केलं होतं.

आणखी एक. अक्षर भरलंस की बेरीज परत बदलेल. चिपमधल्या सगळ्या आकड्यांची बेरीज त्यानं शेवटी कुठंतरी लिहून ठेवलेली आहे. नक्की कुठं ते मला आठवत नाही. ते तुलाच शोधावं लागेल आणि तू शोधशील.

शांतलिंग


लोहारा,
१२ डिसेंबर

ती. मामांना शरणार्थ.

लग्न छान पार पडलं. तुम्ही जेवताना सगळ्यांशी फक्त भाताबद्दल बोललात आणि मी समोर आले की कानाला हात लावून ऐकू येत नाही म्हणून दाखवलंत. गर्दीत मला काही सांगता आलं नाही, म्हणून आता लिहिते.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी शेजारच्या गौरीकडे गेले. गौरी माझ्याच वयाची. तिच्या लग्नातला तांब्या अण्णांनी हातानं ठोकलेला. त्यावरचा ग असा देखणा आहे की घासून काढलेला कागद मी भिंतीला चिकटवला. मापं घेतली, आकडे तयार केले. मग अण्णांना कागद दाखवला.

अण्णांनी त्यावरून डावं बोट फिरवलं. "चांगला हाय," म्हणाले. मी उठायला लागले तर त्यांनी माझा पदर धरला.

"पर ह्यो त्या येळचा हाय," ते म्हणाले. "म्या हाय की आजून."

मला कळलंच नाही. मग त्यांनी कपाटाकडे बोट केलं. छिन्नी आणि हातोडी तिथं फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. एका हातानं छिन्नी धरता येते, पण हातोडी कोण मारणार? मी पुढं झाले. अव्वांनी मला बाजूला सारलं. "तू न्हाय," म्हणाल्या, "म्या ठोकते."

मामा, त्या दोघांचं पुढचं काय सांगू. अण्णा छिन्नी टेकवणार, मान हलवणार, अव्वा ठोकणार. पहिल्या पत्र्याला भोक पडलं. "हळू की," अण्णा ओरडले, आणि आजारपणानंतर इतका मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "जल्मभर संसार केला तुमच्यासंगं, एक ग काढाया काय जातंय," अव्वा म्हणाल्या आणि परत जोरात ठोकलं. दुसरा पत्रा वाकला. तिसऱ्यावर ग ची दांडी खाली जाता जाता सरकली. अण्णांच्या कपाळावर घाम, अव्वांच्या मनगटाला सूज. कुलदीप म्हणाला, आता बास करा. कोणी ऐकलं नाही. लग्नाच्या तयारीचं घर, माणसं येतायत जातायत, आणि हे दोघं दुकानात जमिनीवर बसलेत. असं रोज चाललं. एके दिवशी जो ग निघाला तो अण्णांनी बराच वेळ बघितला आणि पत्रा माझ्याकडे सरकवला.

वाकडा आहे, मामा. डावा पाय जमिनीवर टेकत नाही, दांडी मध्येच कलते आणि एक टिंब अक्षराच्या बाहेर पडलंय. मी म्हटलं, "अण्णा, तेवढं एक टिंब कॉम्प्युटरवर आत घेते." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

मी दोन्ही ग शिवगंगेपुढं ठेवले. गौरीच्या तांब्यावरचा आणि हा. भांडी तिची, म्हणून तिनं ठरवावं. तिनं विचारही केला नाही. पत्रा उचलला आणि छातीशी धरला.

मग माझं काम सुरू झालं. नवा ग भरून कोऱ्या चिपमध्ये लिहिला. पडद्यावर परत तेच, बेरीज जुळत नाही. मी सगळ्यात शेवटचे आकडे बदलून बघितले, काही होईना. मग एकेक तुकडा संपतो तिथपर्यंतची बेरीज काढून ती त्याच्या पुढच्या आकड्यांत भरत आणि दर वेळी चिप लावून बघत गेले. ज्ञ संपला की लगेच दोन आकडे आहेत, बेरीज तिथं ठेवलीय. अक्षरं मोजून झाल्यावर त्यानं तिथंच लिहून टाकली, शेवटी गेलाच नाही. ते दोन आकडे बदलले. चिप बसवली. बीप आली आणि पडद्यावर मशीनचं पान उघडलं. अण्णा खुर्चीत होते. मी पहिलं पातेलं लावलं आणि बटण त्यांना दाबायला दिलं.

सगळी भांडी झाली. रुखवताला मांडली होती तेव्हा मुलाकडच्या एक बाई वाटी उचलून म्हणाल्या, "बाकीचं अक्षर कसं सरळ, आन् ह्यो ग असा गं का?" मी तोंड उघडणार तोवर शिवगंगाच बोलली. नवरी असून बोलली. "त्यो आमच्या अण्णांनी यंदा काढलाय," म्हणाली.

गौरीचा देखणा ग मी मशीनमध्ये भरलेला नाही आणि भरणार नाही. परवा एका गिऱ्हाइकाच्या लेकीचं नाव नागम्मा निघालं, तिच्या डब्यांवरही नवाच ग गेला. त्या माणसानं बघितलं आणि अण्णांच्या पाया पडून गेला. ख आणि घ चं काम चालू आहे. अव्वा आता हळू ठोकायला शिकल्यात.

तुमची
शिवांजली


तेर,
१७ डिसेंबर

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

लग्नात माझ्या कानात यंत्र होतं. तू समोर आलीस की डोळ्यांत पाणी येत होतं, म्हणून ऐकू येत नाही असं केलं.

ज्ञ च्या मागं बेरीज आहे हे मी विसरलो नव्हतो, मला मुळात माहीतच नव्हतं. तिथं तो कारखानदार एकटा बसून लिहायचा. तू शोधलंस. नव्या मजकुराची प्रत दोन ठिकाणी ठेव, एक माझ्याकडे पाठव. आता उमरग्याच्या माणसाकडे कोणी गेलं तर तो त्याला तुझ्याकडे पाठवेल, आणि येईल त्याला चहा पाज.

या पत्राबरोबर एसटीनं एक तांब्या पाठवतोय. नवा आहे, तुझ्या मामीनं घासूनही दिलाय. आमच्या घरात भांड्यांवर माझ्या बापाचं नाव आहे, मामीच्या माहेरचं आहे, माझं कशावर नाही. त्यावर शांतलिंग एवढंच घालायचं.

मशीननं घालू नकोस. हिंमतरावांना दे. चार अक्षरांचा पसारा आहे, त्यातला एक ग त्यांना येतो, बाकीची ते आणि रुद्रम्माबाई बसवतील. कितीही वेळ लागू दे, तोवर मी पितळी पेल्यानंच पाणी पितो.

शांतलिंग